वाऱ्याला माझे गाल

देरा, दुबई
मंगळवार

प्रिय मनोरमा,

तर सगळ्यांत आधी आली शेजारची अस्मी, प्लास्टरची पिशवी घेऊन, आणि मागून तिचा भाऊ अंश, बादली सांभाळत. आमच्या नातवाच्या, अयानच्या शाळेत ग्रीक लोकांचे वारे करायचेत. म्हणजे वाऱ्यांचे देव गं. पंखवाले आठ बाप्ये, तिकडे एका बुरुजावर दगडात कोरलेत म्हणे. हसू नको. मी हसले, तर मलाच कामाला लावलं.

एक मडक्यातून पाणी ओततो, एकाच्या ओच्यात फुलं. नैर्ऋत्येचा मात्र जहाजाची शेपटी धरून उभा. मी म्हटलं, हा आपला, हाच शौकतचं गलबत सोमालियाहून घरी ढकलत आणतो. अयान म्हणतो, दादी, इट्स जस्ट अ मिथ. असू दे. त्याचा बाप आहे गलबतावर, मला बोलायचा हक्क आहे.

उत्तरेचा दाढीवाला शंख फुंकतो. त्याचे गाल काही जमेनात. मग पोरं म्हणाली, दादी, तू फुगव. फुंक खरी यावी म्हणून पोरांनी समोर मेणबत्ती पेटवून धरली. मी अशी फुंकली की खलास. चौथी नापास मरियमचे गाल आता देवाला आहेत, बघ.

पोरं हात धूत होती, तेवढ्यात गलबताच्या ऑफिसातला जहूर आला. चहा नको म्हणाला. शौकतच्या गलबताचा सहा दिवस वायरलेस लागत नाही. उत्तरेचा वारा समोरून जोरात आहे, कुठे आडोशाला थांबले असतील, म्हणाला. सुनेला, सबाला सांगितलं. अयानला नाही.

मनोरमा, माणूस दर्यावर असला की आपल्या पाखाडीत कुठली बाई दिवा फुंकायची नाही. तुझी आई नाही, माझी नाही. ओल्या चिमटीनं विझवायच्या. पन्नास वर्षं मी पाळलं, आणि पोरांच्या कौतुकात विसरले. तो दाढीवाला खिडकीत वाळतोय, माझेच गाल फुगवून. फोडवत नाही, अयान दर तासाला त्याला बघून येतो.

इथून माझ्या हातात काही नाही. म्हणून लिहिते. तू गावच्या जेटीवर जा, शौकतच्या नावानं एक दिवा लाव. विझवू नको, त्याचा तो विझू दे. पोरं वारे न्यायला शुक्रवारी येणार आहेत. जहूरही शुक्रवारीच येतो म्हणालाय.

तुझीच,
मरियम