आधी समोरच्याची बाजू

१२ मार्च, बुधवार

पाच वर्षांत दोन पदव्या! माझी नात अबोली मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात आता इंजिनिअरिंगला एमबीए जोडून मिळते. वेगवेगळे केल्यास सहा वर्षे, एकत्र केल्यास पाच; पाचवे वर्ष दूर पुण्याच्या संस्थेत. फॉर्मची मुदत वीस तारखेपर्यंत, पालकाच्या सहीसह. पालक, म्हणजे माझा मुलगा श्रीकांत, सही करीत नाही.

"चार वर्षं लोखंड आणि एक वर्ष पॉवरपॉइंट!" – याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

अबोलीला विचारले, वाचलेले वर्ष कशासाठी? "आजी, तू भी ना! वाचतं म्हणजे वाचतं." यालाही म्हणत नाहीत.

१५ मार्च, शनिवार

बैठक घेतली. या घरात मतभेद झाला की आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती इतकी नेटकी की त्याने "हो, हेच माझं म्हणणं" असे कबूल करावे. त्यानंतरच स्वतःची. बत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. घरात एवढी एक पद्धत रुजवता आली. निकाल माझा.

अबोली आधी बोलली. "बाबांना वाटतं, एमबीएवाले कारखान्यात शिरतात ते माणसं कमी करायला. मी शिकून आले की मला सदाशिवकाका दिसणार नाहीत, त्यांचा पगार दिसेल." सदाशिव आमच्या गोविंदपुऱ्याच्या युनिटमध्ये, म्हणजे श्रीकांत चालवतो त्या छोट्या कारखान्यात, पहिल्या दिवसापासून लेथ मशीनवर आहे.

श्रीकांत म्हणाला, "जवळजवळ."

मी पुढे जाऊ दिले.

मग त्याची पाळी. "हिला केबिन हवी –" "नाही." "हिला मशीनचा कंटाळा आलाय." "बिलकुल नाही, बाबा!" तिसऱ्या खेपेला तो उठलाच. "आई, मला चहा हवाय." बैठक तहकूब.

१६ मार्च, रविवार

अबोलीकडून तिची बाजू नीट काढून घेतली. गेल्या उन्हाळ्यात ती दोन महिने युनिटमध्ये होती. नमुन्याचा भाग मापात तंतोतंत उतरला, तरी ऑर्डर हातची गेली – कोटेशन पाठवायला अकरा दिवस लागले म्हणून. "मशीन चुकलं नाही, आजी. चूक मशीनच्या बाहेर झाली. मला दोन्हीकडचं कळायला हवं, एकाच डोक्यात."

एकाच डोक्यात! उत्तम विधान. निकाल स्पष्ट आहे.

१७ मार्च, सोमवार

स्पष्ट नाही. ते "जवळजवळ" मला सोडत नाही. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत मी त्यावर लाल रेघ मारली असती. उरलेले काय, ते शोधायला मागे जावे लागले.

१९९६. श्रीकांत इंजिनिअर झाला होता आणि एमबीएला पुण्यास जायचे म्हणत होता. त्याचे वडील, काशिनाथ, तेव्हा हयात होते. युनिट नवे होते. मी अर्ध्या तासात निकाल दिला: आधी यंत्र, मग व्यवस्थापन. ते "मग" कधी आले नाही. आणि त्या दिवशी त्याची बाजू कोणी मांडली होती? कोणीही नाही! न्यायाधीशाला नियम लागू नव्हता.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. युनिट बंद, म्हणून श्रीकांत घरी. त्याच्यासमोर बसले.

"तुझी बाजू मांडते. शहाण्णवची."

हसला. "एकोणतीस वर्षांनी तारीख लागली!"

मांडली. तुला युनिट वाढवायचे होते. त्यासाठी बाजार समजून घ्यायचा होता. वडिलांच्या हाताखाली तो समजणार नव्हता. तीन विधाने, तिन्ही सुसंगत.

"नाही, आई. हे माझं म्हणणं नव्हतं."

पुन्हा मांडली, वेगळ्या क्रमाने. पुन्हा नाही. मग तो उठला आणि गच्चीवरचा रंग धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

मी नापास. त्याला तसे सांगितले. "तुझी बाजू मला येत नाही," असे मी या घरात प्रथमच म्हटले.

२० मार्च, गुरुवार

फॉर्मवर श्रीकांतची सही आहे. युनिटला निघताना, चपला घालता घालता, त्याने सांगितले – "मला ती पदवी नकोच होती, आई. मला फक्त इथून जायचं होतं. गेलो असतो तर परत आलो नसतो. आणि हीही पुण्यालाच चाललीय."

अबोली आनंदात आहे. ती परत येणार का, हे मी तिला विचारणार नाही.