मोठे उपास अन् बाबाचा खोकला

नांदुरा, रेल्वे क्वार्टर
शनिवार, ३१ मार्च १९६२

तीर्थरूप पेत्रूकाका यांस,

तेरेझाचा कोपरापासून नमस्कार, अन् येशूची स्तुती असो. तुमची तब्येत कशी आहे, काकूच्या गुडघ्याले मोहाचं तेल लागू पडलं का, कलाताई सासरी रमली का, अन् दवाखान्यात एकाच बाटलीतलं लाल औषध तुम्ही अजून सगळ्या डोणगावले देता का, हे सारं कळवा. इकडं आम्ही खुशाल आहो. प्रायश्चित्ताच्या दिवसात माणसानं इतकं खुशाल असू नये, अन् त्याच दुःखानं हे पत्र लिहून राह्यली. नागपूरच्या सिस्टरलोकाइनं मले सगळं इंग्रजीत शिकवलं, मराठीचा एक धडा दिला नाही, म्हणून घरात बोलतो तसंच लिहिते. शुद्धलेखन पाहू नका.

तुम्हाले तं माहीतच आहे, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आपण पाळतो. सिस्टर त्याले लेंट म्हणत, आपल्या घरी त्याले मोठे उपास म्हणतात. बोर्डिंगमध्ये लेंट म्हणजे लेंट होता. शुक्रवारी एक वेळ जेवण, ते बी पाण्यासारखं सूप अन् पाव, गुडघे फरशीवर, तोंड बंद. मॅट्रिक होऊन घरी आली तं मनात ठरवूनच आली, की नांदुऱ्यात आपली चारच घरं आहेत, पण ह्या चार घराइले मी खरा लेंट दाखवून देईन.

पहिल्याच शुक्रवारी आईनं पाट मांडले. साबुदाण्याची उसळ, वर तूप. भगर. शेंगदाण्याची आमटी. रताळ्याच्या गोड चकत्या. बटाट्याची भाजी, दही, केळी, अन् राजगिऱ्याचे लाडू (ते “मधल्या भुकेले”). एरवी आपल्या घरी रोज भाकर अन् वरण असते, हे तुम्हाले माहीत आहे. म्हणजे साऱ्या आठवड्यात पोटभर जेवाचा एकच दिवस, तो उपासाचा. मटणाचं म्हणसान, तं ते आपल्याकडं बाजाराच्या दिवशीच शिजते. शुक्रवारी ते कधी नव्हतंच, तरी बाबा सगळ्याइले सांगत फिरतात की शुक्रवारी मी मटण सोडलं.

मी म्हटलं, आई, एक भाकर अन् मीठ-मिरची दे, देवाले तेच आवडन. तर बाबा ताटावरून उठतात का काय असं झालं. म्हणे, “उपासाले भाकर? ज्वारी खाऊन उपास मोडाचा? तू काय आम्हाले बाटवाले आली काय नागपुराहून?” (काका, ज्या माणसाच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा अख्खं गाव त्याले बाटला म्हणे, तो माणूस आज भाकरीनं बाटून राह्यला.) मी पुष्कळ सांगितलं की धान्याची बंदी आपल्यात नाही, ती शेजारच्या मंजुळाबाईच्या एकादशीची आहे. आई म्हणे, “मंजुळाबाई पन्नास वर्षापासून उपास करून राह्यली, तिले जास्त समजते का तुले?”

ही मंजुळाबाई म्हणजे तीच, जिचा स्टेशनामागं भाजीचा मळा आहे. दर शुक्रवारी सकाळी रताळी घेऊन येते अन् आईले म्हणते, “शालूबाई, आमचा देव पंधरा दिवसातून एकदा उपाशी ठेवते, तुमचा दर आठवड्याले. पण जेवू चांगलं घालते हो.” आईले ही आपल्या धर्माची स्तुती वाटते. हीच मंजुळाबाई उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरनं आमच्या कपाळाले लावलेली राख पाहून सुनेच्या डोकेदुखीसाठी चिमूटभर अंगारा मागाले आली होती. फादर निघून गेले होते, तं आईनं चुलीतली दिली. सुनेचं डोकं उतरलं. आता मले सांगा, मी कोणाले काय समजावू.

खाण्याचं सोडा, बाकीचे त्याग ऐका. प्रत्येकानं एक आवडीची गोष्ट चाळीस दिवस सोडाची, असं मीच सुचवलं. आईनं नळावरच्या कुचाळक्या सोडल्या. म्हणजे बोलणं सोडलं. पहिले घागरीले जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट लागते आता, कारण मधात एक शब्द न टाकता पूर्ण गोष्ट ऐकावी लागते. तुमच्या ओळखीचा रंगराव, जो सिग्नलवर आहे अन् मिस्सेच्या गाण्यात सगळ्याइच्या आधी अन् सगळ्याइच्या वर सूर लावते, त्यानं पत्ते सोडले. आता खेळणाऱ्याइच्या पाठीमागं उभा राहून सांगते की हे टाक, ते नको टाकू. त्याचा सल्ला घेणारा हरला म्हणून परवा हाणामारीची वेळ आली, तं म्हणे, “मी कुठं खेळून राह्यलो बे, माहे तं उपास आहेत.” बाबानं चहा सोडला. आता सकाळ-संध्याकाळ सुंठीचा काढा घेतात. त्यात दूध असते, साखर असते, अन् “रंगापुरती” पत्ती असते.

मले वाटलं, हे लोक माझं ऐकत नाहीत, पण फादरचं ऐकतीन. फादर अकोल्याहून एरवी महिन्यातून एकदा पॅसेंजरनं येतात, मोठ्या उपासात जास्त वेळा, अन् राखेच्या बुधवारनंतर ते नेमके शुक्रवारी आले. मी त्याइले स्टेशनवरच सगळं सांगून टाकलं. ते गंभीर झाले, मान हलवली, म्हणाले, बघतो. घरी आले. आईनं पाट मांडला. फादरनं उसळ तीनदा घेतली. मंग रताळ्याच्या चकतीकडं बोट दाखवून आईले विचारलं की हे कसं करतात, मिशनमधल्या कुकले सांगाचं आहे. बाबानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जशी पोपची सही झाली. त्या दिवशी आम्ही सगळ्याइनं पापनिवेदन केलं. मले फादरनं काय प्रायश्चित्त दिलं ते विचारू नका, ते सांगाचं नसते.

मंग मी क्रुसाची वाट काढली. देऊळ नाही तं काय झालं, येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेवरच्या चौदा जागा म्हणून क्वार्टराच्या भिंतीवर चौदा कागद चिकटवले, दरेकावर क्रूस काढला, अन् चारी घराइले घेऊन एकेका कागदासमोर थांबत प्रार्थना सुरू केली. (सातव्यापासून नवव्यापर्यंतचे कागद मंजुळाबाईच्या बकरीनं खाल्ले होते. तिथं नुसत्या भिंतीसमोर गुडघे टेकले. रंगराव म्हणे, खळीचा वास येऊन राह्यला, इथंच असन.) वाचाचं काम बाबाकडं, वडीलमाणूस म्हणून. पाचव्या जागी आलो. तिथं येशूले क्रूस झेपत नाही म्हणून शिपाई रस्त्यानं जाणाऱ्या सायमनले धरून आणतात, हे तुम्हाले माहीतच आहे. बाबानं ते वाचलं, पुस्तक खाली केलं, अन् सगळ्याइसमोर म्हणाले, “पाहा. परक्या माणसाले रस्त्यावरून बलावून नेलं. अन् इथं सख्ख्या भावाले जेवाले या म्हणाले एक पोट्टं आलं नाही.”

झालं. क्रुसाची वाट तिथून सरळ डोणगावले गेली. कलाताईच्या लग्नात बाबा मांडवाबाहेर बाजेवर कसे बसून होते, दोन पंगती कशा उठल्या, बुंदीचा वास कसा येत होता, अन् मोठ्या भावाले पंगतीले उठा म्हणाले कोणीच कसं आलं नाही, मंग ते उपाशीपोटी मेहकरच्या गाडीत कसे बसले, हे सगळं रंगरावानं पुन्हा एकदा गुडघ्यावर ऐकलं. तुमचं म्हणणं मले कलाताईनं तेव्हाच सांगितलं होतं, की जानरावदादा तं घरचा माणूस, तो वाढाले उठन असं आम्ही समजत होतो, घरच्याले काय बलवाचं. खरं सांगू का काका, दोन मोठ्या माणसाइनं पंगतीवरून वर्षाच्या वर तोंड फिरवाचं, हे मले त्या साबुदाण्यापेक्षा बी हलकं वाटते. बाबाच्या आयुष्यातला खरा उपास तेवढाच एक, तुमच्या मांडवातला, अन् तो त्याइनं अजून सोडला नाही.

आता खोकल्याचं सांगते. रोज संध्याकाळी आम्ही जपमाळ म्हणतो. बाबाचा आवाज सगळ्यात मोठा. पण “हे आमच्या बापा” मध्ये जिथं आम्ही आमच्या अपराध्याइले क्षमा करतो असं येते, तिथं बरोबर त्याइले खोकला येते. ओळ गेली की खोकला जाते. आई म्हणे, “तुमच्या खोकल्याले ही प्रार्थना तोंडपाठ झाली.” हसाची गोष्ट आहे, पण मी हसली नाही, कारण फादर जाण्याच्या आधी मले कळलं की बाबाले त्याइनं पापमुक्ती दिली नाही. बाबाच आईले सांगत होते. फादर म्हणाले, भावाशी बोला, मंग या. बाबा म्हणाले, बाकी काहीही सोडाले सांगा, बिडी सोडतो. म्हणजे पापमुक्ती नाही, अन् ती नाही तं ईस्टरले ख्रिस्तप्रसाद नाही. चारी घरं प्रसाद घ्याले पुढं जातीन, अन् ज्याइच्या खोलीत मिस्सा होते, ते आमचे बाबा मागं दारापाशी उभे राहतीन. परसाल बी तसेच उभे होते, मी तेव्हा बोर्डिंगात होती, मले वाटलं पाय दुखत असन.

काकूले नमस्कार. इकडं ऊन लय वाढलं आहे. पत्र बाबाले माहीत नाही.

तुमची पुतणी,
तेरेझा

ता. क. – ईस्टर २२ एप्रिलले आहे. तुम्ही खामगाववरून आदल्या दिवशीच येजा. फादर बी आदल्या दिवशी येतात. लग्नाची गोष्ट काढू नका, पंगतीची तं मुळीच काढू नका. नुसतं दारात या अन् “दादा” म्हणा. तेवढ्यासाठीच हे सारं लिहिलं, साबुदाण्यासाठी नाही.

ता. क. २ – तुम्ही म्हणसान, पोरीनं आई-बाप, फादर, शेजारीण, बकरी, कोणालेच सोडलं नाही. तं सांगूनच टाकते. फादरनं मले प्रायश्चित्त दिलं ते हेच, की ईस्टरपर्यंत कोणाबद्दल वाईट बोलाचं नाही. मी एक शब्द बोलली नाही. लिहू नको असं ते म्हणाले नव्हते.

ता. क. ३ – पाकीट चिकटवून झालं होतं, ते पुन्हा फोडलं. बाबा ड्युटीवर निघाले तं म्हणाले, आण, पोष्टात टाकतो. मले नाही म्हणता आलं नाही. त्याइनं पत्ता वाचला. दारातच उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. मंग पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, “त्याले लिही, आमच्या घरी जेवाले कोणी बलवाले येणार नाही. आला तं आपल्या हातानं पाट मांडून बसजो.”