दाढेत कोंडलेला चोर

१० फेब्रुवारी

आज हातच ऐकेना माझा! अभ्यासातला पहिला पेशंट — बसचा ड्रायव्हर, दाढ पार आतल्या नसेच्या जवळपर्यंत किडलेली. आमच्यासारख्या साध्यासुध्या दवाखान्यांनी मिळून एक प्रश्न घेतलाय: खोल कीड पूर्ण खरवडायची, की तळाशी थोडी ठेवून दाढ वरून घट्ट बंद करायची? कुणाला काय, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो.

"यातलं चांगलं कुठलं?" ड्रायव्हरने विचारलं. म्हटलं, "खरंच माहीत नाही. तेच शोधतोय." तो हसला. "माहीत नाही म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदा पाहिला. करा सुरू!"

संगणक म्हणाला — थोडी ठेवा. तळाशी पोचले, तरी कीड काढायचा बारीक चमचा आपला खरवडतोच आहे. इतक्या वर्षांची सवय! शेवटी मदतनीस ताईने मनगटच धरलं. "मॅडम, पुरे!" बंद केली दाढ. तेव्हापासून जीव टांगणीला.

११ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. दवाखाना मूळ त्यांचा, शिकवणही त्यांचीच — किडीचा कण मागे ठेवायचा नाही. भडकले. "घरात चोर ठेवून बाहेरून कुलूप लावतेस? नस मरायला लागली की येईल तुझा पेशंट बोंबलत!" स्वतःचे दात मात्र अजून त्यांच्या जुन्या मित्राला दाखवतात. त्यांच्या लेखी मी अजून शिकाऊच. राग आला. त्याहून वाईट म्हणजे, थोडं पटलंही.

२ मार्च

ड्रायव्हरचा फोन नाही. म्हणजे दुखत नाही? की दुसऱ्या कुणाकडे गेला?

१९ मे

अभ्यासातल्या सगळ्या डॉक्टरांची बैठक. कुणाचा दवाखाना किराणा दुकानाच्या वर, कुणाचा जिन्याखाली. "माझाही हात थांबत नाही हो," पांढऱ्या केसांच्या एक बाई म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले. एवढी माणसं, आपापल्या खोलीत वाकून, एकच प्रश्न विचारताहेत — अंगावर काटा आला.

१२ ऑगस्ट

ड्रायव्हर आला! कापसाचा बर्फगार बोळा दाढेला लावला. नस मेली असेल तर काही जाणवायचंच नाही. एक क्षण काहीच नाही. आणि मग — "आई गं!" खुर्चीतून उडालाच! मी आणि ताई टाळ्या पिटतोय, तो बिचारा गाल धरून बघतोय. "माझं दुखलं, आणि तुम्ही हसताय?" अहो, जिवंत आहे!

एक्स-रेमध्ये दिसलं — आत ठेवलेल्या किडीच्या खाली, नसेच्या अंगाला, एक पांढरी रेघ. नवी. दाढेने आतून आपली आपण भिंत बांधली. आम्ही फक्त दार लावलं होतं. इतकी वर्षं मी जिथे खरवडत आले, तिथे पलीकडे हे कामकाज चालू असायचं! हात जोडावेसे वाटले. एका दाढेवरून काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे. तरीपण!

बाबांनी एक्स-रे उजेडात धरला. कितीतरी वेळ. "चोर उपाशी मेला वाटतं," एवढंच म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

१४ ऑगस्ट

सकाळी ताईने पहिला पेशंट आत सोडला — बाबा! दाढेत खोल कीड, कधीपासून लपवली होती कोण जाणे. घरची माणसं अभ्यासात चालत नाहीत. म्हणजे संगणक नाही, ठरवायचं आम्हीच. माझ्या हातातला चमचा बघून म्हणाले, "राहू दे तुझा चोर आत." आणि तोंड उघडलं.