निंबाला न सांगितलेलं

२ एप्रिल, अकोला

आली बाबा एकदाची! अमरावतीहून निघाली तेव्हाच ऊन चढलं होतं. मूर्तिजापूरला शेजारच्या सीटवरच्या काकूंनी तिखटमीठ लावून काकडी खाऊ घातली आणि वर विचारलं, एकटीच कावून चालली? नोकरीला, म्हटलं. खोटं नाही ते.

खोली मस्त आहे. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या, खिडकीशी निंब. काम एवढंच, दुपारी कमलाकांत सरांना पुस्तकं वाचून दाखवायची. तत्त्वज्ञानाचे रिटायर्ड प्रोफेसर. डोळ्यांचे पडदे गेलेले, कानात मशीन. मशीन काढली की माझं जग बंद, असं म्हणून हसतात. स्वयंपाकाला दुर्गाबाई. चहात साखर ओततात आणि पहिल्याच दिवशी म्हणतात, लगन नाई झालं? मंग बरं हाय, झोप तरी लागत असन.

सरांनी माझं आडनाव विचारलं. काही आठवलं नाही त्यांना. कसं आठवणार? रागिणी माझी मावसबहीण, तिचं आडनाव वेगळं.

रागे, तुझी जुईली पोचली. आता बघ.

४ एप्रिल

आज त्यांच्या समोर बसून वाचताना तोच आवाज ऐकला, ज्याची रागे मला नक्कल करून दाखवायची. भर वर्गात याच माणसाने तिला म्हटलं होतं, तू आत्ता जागी आहेस हे सिद्ध कर. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. रागेने मनावर घेतलं. मग दर रविवारी घरी बोलावणं, आणि दर रविवारी एकच उत्तर: अजून नाही, बाळ. हे तर स्वप्नातही म्हणता येतं.

आधी ती चिमटे घ्यायची. मग तव्याला बोट लावायला लागली. फोड दाखवून हसायची. जुई, दुखलं गं, पण स्वप्नातही दुखतं ना. चिखलदऱ्याच्या सहलीत रेलिंग ओलांडताना मैत्रिणीला म्हणाली, स्वप्नात पडलं की माणूस उठतोच.

शोकसभेत सर फार सुंदर बोलले म्हणे.

मी त्यांना मारणार नाही. मी त्यांना तोच प्रश्न पाडणार.

९ एप्रिल

सुरू केलं. काल वाचलेलं पान आज परत वाचलं. सर म्हणाले, हे झालंय. मी म्हटलं, नाही सर, काल तर तुम्ही झोपले होते. काठी उजवीकडची डावीकडे ठेवली. बुधवारचा गुरुवार केला. त्यांचा हात हवेत काठी शोधत राहिला आणि मला इतकं गार गार वाटलं की कूलरची गरज नाही.

सकाळी दुर्गाबाई निंबाशी कुजबुजत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "वाईट सपन माणसाच्या कानात नाई टाकाव. आदी निंबाले सांगाव, मंग चूळ भराव. नाईतं आयकणाऱ्याले चिकटते."

एमए केलेल्या मुलीला सांगून राहिल्या! खूप हसली मी.

१७ एप्रिल

मोडले सर. पुस्तक मध्येच थांबवून म्हणाले, पोरी, मी जागा आहे का? किती वाट पाहिली होती या वाक्याची. मी हळूच म्हटलं, अजून नाही, सर.

रडले. मग स्वप्न सांगितलं. एक कडा. कड्यावर हिरव्या ओढणीची पाठमोरी मुलगी. ती विचारते, सर, मी जागी आहे का? त्यांना हो म्हणायचं असतं, पण तोंड उघडत नाही.

मी म्हटलं, परत सांगा. परत सांगितलं. रोज सांगत जा, म्हटलं. गुळासारखं चघळलं मी ते.

२३ एप्रिल

सर टवटवीत. ठेचा मागून घेतला, वर आणखी भाकर. झोप छान लागते म्हणे आता.

मी दुपारी कूलरपुढे लवंडली, तर — कडा. हिरवी ओढणी. सरांनी सांगितली तश्शीच.

२७ एप्रिल

रोज तेच. आज सकाळी निंबाची साल धरून सगळं सांगितलं. चूळही भरली. दुपारी परत कडा.

दुर्गाबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, दुसऱ्याचं सपन निंब घेत नाई. ज्यानं देल्लं त्याच्याच कानात वापस टाका लागते. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सरायले मालूम हाय हे. मीच सांगतलं होतं त्याईले. बायको गेली तवापासून त्याईले कडा दिसे, निस्ता रिकामा कडा. मंग ते रयवारी पोट्टी येत जाय ना, रागिणी? तिले सांगत बसत. लय आराम पडला होता त्याईले."

रिकामा कडा. रागेला त्यांनी रिकामा कडा दिला. आणि ती गेल्यावर तो परत त्यांच्याकडे आला — तिच्यासकट.

माझ्या आधीही कितीजणींना विचारलं असेल त्यांनी, माझं स्वप्न ऐकतेस का, पोरी?

२९ एप्रिल

तवा. बोटाला फोड आला.

दुखलं. पण —

सर ओळखतात का मला? आज म्हणाले, तुझा आवाज कुणासारखा तरी आहे. हसत होते.

१ मे

उद्या गाडी ठरवली. चिखलदऱ्याला चला म्हटलं, हवा बदल होईल. सर लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच कावून?

तिथेच परत करीन. त्याच जागेवर. त्याच कानात.

२ मे, चिखलदरा

रेलिंगशी उभे आहोत. वही कठड्यावर. ऊन आहे पण गरम नाही. ऊन असं असतं का?

सांगितलं. सगळं. कडा, ओढणी, प्रश्न. कानाशी तोंड नेऊन.

सर हसून राहिले. मूठ उघडली. कानातली मशीन मुठीत आहे.

काहीच ऐकलं नाही त्यांनी. एक शब्द नाही.

मागून कोणीतरी — जुई, आपण जाग्या आहोत का गं —

वळणार नाही. फोड दाबून पाहिला. दुखत नाही.

सरांचा हात माझ्या डाव्या हातात आहे. आता ते ओढून राहिले, हसणं गेलं. सोडणार नाही. रागे, सरक जरा. स्वप्न असेल तर आम्ही दोघंही उठू. आणि नसेल तर दोघंही —