घर भाच्याचं, राहणं कोर्नेलियाचं

मी, ओतिलिया ह्रूशोव्स्का, वय वर्षे एक्क्याऐंशी, ब्रातिस्लाव्हाच्या ऑपेरा रंगमंचावरची निवृत्त सोप्रानो गायिका, सध्या राहणार ओरावा खोऱ्यात वडिलांच्या घरी, कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करून ठेवते. मोडलं आहे ते कमरेचं हाड, डोकं शाबूत आहे.

१. हे घर आणि मागची आलुबुखाराची झाडं माझा भाचा राडोवान, राहणार व्हिएन्ना, याला मिळावीत. मात्र माझी मैत्रीण कोर्नेलिया बेन्याकोव्हा हिला या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील आणि तोवर घर विकता येणार नाही.

राडो, नाताळात तू विचारलंस, "आत्या, ही बाई आपली कोण लागते?" तेव्हा मी कोबीचं सूप वाढत होते. आता सांगते.

तुझे वडील सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पळाले, त्याचा राग तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारने माझ्यावर काढला. व्हिएन्नाहून मला मुख्य भूमिकेचं बोलावणं आलं, पण पासपोर्ट मिळाला नाही. माझ्या जागी आमच्याच मंडळींतली कोर्नेलिया गेली. भूमिका माझी, झगाही माझाच, फक्त कमरेत आत घेतलेला. ती परतल्यावर कित्येक वर्षं आम्ही एकाच आरशासमोर चेहरे रंगवले, पण बोललो नाही.

मग एका प्रयोगात, शेवटच्या अंकात, माझा आवाज गेला. तोंड उघडलं तर नुसती हवा. तेवढ्यात विंगेतून माझी ओळ आली, माझ्याच पट्टीत. दासीच्या वेशातली कोर्नेलिया गात होती. मी ओठ हलवत राहिले. फुलं मला मिळाली.

रंगपटात मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "सगळ्यांना खरं सांगते."

"काही नको. अर्धी फुलं दे."

"व्हिएन्नाला जाताना मला विचारलं का नाहीस?"

"तू मन मोठं करून 'जा' म्हणाली असतीस. मग तिथे माझ्या तोंडून सूर फुटला असता का?" मग हळूच म्हणाली, "तुझा भाऊ भेटला होता. 'आमची ओत्का नीट जेवते ना?' एवढंच विचारत होता. तेच सांगायला आले, तर तू दार लावून घेतलंस."

त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर रडलो. माझे वरचे सूर काही परतले नाहीत. मी शिकवू लागले. कंबर मोडली तेव्हा ती आपली बॅग घेऊन इथे आली, ती इथलीच झाली. तेव्हा ती माझी कोण, हे तूच ठरव.

२. पियानो माझी शिष्या झोरा हिला. तिने डोळे मिटून गाऊ नये. त्याने सूर चढत नाही.

३. "गळा चांगला, पण मेंढपाळाचा," असं मला म्हणणाऱ्या दिवंगत संचालकांना माफ केलं आहे. त्यांची तसबीर मात्र कुणीतरी घेऊन जावी.

४. अंत्यविधीला माझी ध्वनिमुद्रिका लावू नये. लोकांना मेंढीच्या दुधाच्या चीजमधले बटाट्याचे गोळे आणि आलुबुखाराची दारू द्यावी.

५. लाभार्थी असल्यामुळे कोर्नेलियाला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात फुरंगटून बसली आहे. आत्ताच तिने आतून विचारलं, "आणि मी आधी गेले तर?"

याबाबत मी कोणतीही तरतूद केलेली नाही.

ठिकाण: ओरावा खोरे
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९

(सही) ओतिलिया ह्रूशोव्स्का

साक्षीदार:
(सही) वेन्देलीन कुबाच्का, शेजारी
(सही) डॉ. सिल्विया म्राझोव्हा, गावच्या डॉक्टर