एकोणीस नावं

पेण
१२ जानेवारी २०२५

प्रिय दर्शना,

तुझा निरोप पोचला. फोनवर उत्तर द्यायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा लिहिलेलं पुसून टाकलं. शेवटी वहीतले कागद फाडून घेतले. चौथीत माझ्या वर्गात असताना तू माझ्या अक्षराची हुबेहूब नक्कल करायचीस, त्यामुळे हे अक्षर तुला लागेल की नाही ही काळजी नाही. काळजी वेगळीच आहे.

आधी अभिनंदन. विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड म्हणजे थोडंथोडकं नाही! आमच्या शरदरावांना सांगितलं तर म्हणाले, “ती वाडीतली बारकी पोरगी? जी मुलांचे पाय धरून त्यांना आडवं पाडायची?” ते तुला एकदाच भेटलेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, पण विसरलेले नाहीत. मला आठवतो तो रोह्याचा सामना. तू सातवीत होतीस. एसटी चुकली म्हणून तुझा कृष्णामामा तुला सायकलवर डबलसीट घेऊन आला आणि सामना संपेपर्यंत रेषेला लागून उकिडवा बसून ओरडत होता. पंचांनी त्याला दोनदा मागे सरकवलं. हरलात, तरी परत जाताना तो सगळ्या रोह्याला ऐकू जाईल असा हसत होता. तुझे पहिले बूट त्यानेच आणले होते ना? आणि ते तू जून महिन्यात त्याच्या दारात फेकून आलीस, असं मला तुझ्या आईने, सोनीने सांगितलं. सांगताना ती रडत होती.

गेलं वर्ष माझ्या डोक्यात धड बसत नाही बघ. लोक जानेवारी ते डिसेंबर धरतात. माझं वर्ष आदल्या नोव्हेंबरात सुरू झालं, क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या रविवारी. आपला संघ सलग दहा सामने जिंकून आला होता, त्यामुळे आमच्या आळीत सकाळीच कुणीतरी फटाक्यांची माळ आणून ठेवली होती. आमचा निमिष पुण्याहून मित्रांना घेऊन आला होता. मी पोहे केले, मग भजी केली, मग जेवणाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसले. मतदारयादीचं काम बारा वर्षं माझ्याकडे आहे हे तुला ठाऊकच आहे. तू अठराची झालीस तेव्हा तुझा अर्ज मीच भरला होता आणि फोटोत तुझे डोळे मिटलेले आले म्हणून तुला परत रोह्याला पाठवलं होतं. तो गठ्ठा सोमवारी कचेरीत द्यायचा होता. सामना हरलो आणि पोरांनी टीव्ही बंद केला. फटाके तसेच राहिले. माझा गठ्ठा मात्र पूर्ण झाला होता.

जानेवारीत सर्वेक्षण आलं. मोबाइलवर दीडशेहून जास्त प्रश्न, प्रत्येक घरी अर्धा-पाऊण तास, आणि वाडीच्या चढावर नेट जातं. त्यात रोज पेणहून यायचं. वाटेत गडब गावाजवळ रस्त्याच्या कामात गाडी अडकली की मी खिडकीतून नुसती शेतं बघत बसायची. वाडीत गेले तेव्हा बहुतेक दारांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. तुझी ठमाआजी तेवढी उन्हात बसून करंजाच्या बिया फोडत होती. मी विचारलं, सगळे कधी गेले? तर म्हणाली, “दिवालीच्या फुडल्या आठवड्यात टेंपो आला गो बाई. बुधवार व्हता. तवर हितंच व्हते की समदे, माजा दामूबी हितंच. मी काय जात नाय आता. इटांच्या भट्टीवर माजं काय काम?” मी मोबाइलमध्ये ‘घर बंद, घर बंद’ असं भरत गेले.

सात मे, लोकसभेच्या मतदानाचा दिवस, तुला आठवतो. मलाही आठवतो, पण वेगळ्या बाजूने, म्हणून लिहिते. मी शाळेच्या दारात यादी घेऊन टेबलावर बसले होते. आठच्या सुमाराला वाडीची माणसं चढाच्या रस्त्याने उतरताना दिसली. तुझ्या बाबाने, दामूने, भट्टीवरून एका दिवसाची सुट्टी घेतली होती, सोनी नवं लुगडं नेसली होती. तू आदल्या दिवशी साताऱ्याच्या कॉलेजातून आलेली, पहिल्यांदा मत द्यायला. सगळ्यांच्या पुढे आजी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओळखपत्र. “बाई, माजं नाव बघ गो पयलं, हुभं ऱ्हावत नाय.” मी यादीत बोट फिरवत राहिले. त्या पानावर तिचं नाव नाही हे मला आधीपासून माहीत होतं, तरी मी वरून खाली आणि खालून वर बोट फिरवत होते. मग तू यादी हातात घेतलीस आणि मोजत गेलीस. आजी, दामू, सोनी, तू. एकोणीस नावं. आजी आत जाऊन साहेबांना ओळखपत्र दाखवत होती, “ह्यो बघा माजा फोटू, मी हाय की हितं!” साहेब तरी काय करणार, यादीत नाही म्हणजे नाही. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “बाई, तुम्ही असताना असं कसं झालं?” मी म्हणाले, “बघते.” तेवढंच म्हणाले.

तू गप्प बसणारी नाहीस. तक्रार केलीस, चौकशी लागली. जूनमध्ये निकाल लागून सगळीकडे हार-गुलाल चालू होता, कोण जिंकलं आणि कोण हरूनही जिंकलं याच्या गप्पा एसटीत रंगायच्या, आणि मी कचेरीच्या बाकावर बसून होते. कागद निघाले. ती एकोणीस माणसं कायमची गाव सोडून गेली, परत येण्याची शक्यता नाही, असं पंचनाम्यात होतं. खाली पंच म्हणून कृष्णाची सही. वाडीतला शिकलेला माणूस, ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर, त्याची सही म्हटल्यावर वाडीला दुसरा पुरावा लागला नाही. सगळे म्हणाले, कृष्णाने आपल्याला विकलं. तू तर त्याचं तोंडही बघायचं सोडलंस. ते बूट तेव्हाचेच.

जूनच्या शेवटी आपण विश्वचषक जिंकलो. निमिषने फोनवरून ओरडून कान फोडला. दुसऱ्या दिवशी पेणमध्ये पोरांनी गुलाल उधळला, गणपतीच्या कारखान्यातली माणसं रंगाच्या हातांनीच रस्त्यावर नाचत होती. शरदराव पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “लतिका, अगं वर्षभर काय झालंय तुला? हरलो तेव्हा गप्प, जिंकलो तरी गप्प.” मी पेढा तोंडात टाकला. उरलेले डब्यात भरून ठेवले.

जुलैत याद्या पुन्हा तपासायच्या होत्या. मी पहिल्याच दिवशी वाडीत गेले. भट्टीवरून सगळे परत आले होते. पावसात, आजीच्या पडवीत बसून एकोणीस अर्ज भरले. आजीने मला कोरा चहा दिला. उतरताना टाकीपाशी कृष्णा भेटला, चावी फिरवत होता. मी त्याला विचारलं, “तू चौकशीत खरं का नाही बोललास?” त्याने चावी पूर्ण आवळली. मग म्हणाला, “काय बोलायचं, बाई? सही तर माजीच हाय ना. वाचली नाय ती माजी चूक.” मी म्हणाले, पण सही करायला सांगितलं मी. तर म्हणाला, “तुमचं नाव घेतलं असतं तर उद्या तुमची बदली व्हईल, नायतर घरी बसवतील. आमच्या पोरांना शिकवाया कोन चढून येतंय हितं? दर्शना तुमच्यामुळं साताऱ्याला गेली. मी काय, पाण्याचं काम गेलं तर नदीवर मासं धराया जाईन.” आणि वर मलाच छत्री नीट धरायला सांगून निघून गेला.

आता तुला कळलं असेल, दर्शना. पण मी माझ्या तोंडाने सांगायला हवं. नावं वगळायचे एकोणीस अर्ज कचेरीतून माझ्याकडे आले होते. ते कुणी दिले, का दिले, मी विचारलं नाही. वाडीत जायचं, दारोदार बघायचं आणि मग लिहायचं, एवढंच माझं काम होतं. त्यासाठी मला तो रविवार दिला होता. मी गेले नाही. पेणहून दोन गाड्या बदलून चढ चढायचा, घरात पाहुणे, टीव्हीवर सामना. मी घरी बसूनच लिहिलं. ही माणसं दरवर्षी भट्टीवर जातातच, तेव्हा गेलीच असतील, असं धरून चालले. ‘कायमचे स्थलांतरित’ हे शब्द मी एकोणीस वेळा लिहिले, तुझ्या नावापुढेसुद्धा. ‘कायमचे’ हा शब्द छापील नमुन्यातला नव्हता, तो माझा. सोमवारी सकाळी शाळेत कृष्णा आला तेव्हा त्याच्यापुढे कागद सरकवला. त्याने विचारलं, “कशाचं हाय?” मी म्हणाले, “यादीचं.” त्याने सही केली. तुझ्या बाईंनी पुढे केलेला कागद होता, तो कशाला वाचेल? आणि माणसं तर बुधवारपर्यंत वाडीतच होती. रविवारी मी चढून आले असते तर दामू दारातच भेटला असता.

याहून वाईट पुढे आहे. आजीने बुधवार सांगितला तेव्हा जानेवारी होता. नावं परत घालायला एप्रिलपर्यंत वेळ होता. मी ‘या आठवड्यात करू, परीक्षा झाल्यावर करू’ असं करत राहिले, कारण अर्ज भरायचा तर आधीचं खोटं होतं हे लिहावं लागलं असतं. आणि जूनमध्ये चौकशीच्या साहेबांनी विचारलं, “तुम्ही वाडीत गेला होतात ना?” तेव्हा मी हो म्हणाले, आणि लिहूनही दिलं की पंचांनी सांगितल्यावरून नोंद केली. निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. मला पेन्शन दिसली, दर्शना. त्या क्षणी मला कृष्णा दिसला नाही.

ऑगस्टमध्ये ऑलिंपिकला ती आपली कुस्तीगीर शंभर ग्रॅम वजनापायी अंतिम लढतीतून बाहेर गेली, तेव्हा चौथीच्या पोरांनी विचारलं, बाई, शंभर ग्रॅम म्हणजे किती? खिचडीच्या तराजूवर मूठभर तांदूळ ठेवून दाखवले. एवढ्यासाठी? म्हणून पोरं चिडली. त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला होता: ‘बाई, तिला निदान कारण तरी सांगितलं. आजीला कोणी काय सांगितलं?’

नोव्हेंबरात विधानसभेला एकोणीसच्या एकोणीस जणांनी मत दिलं. आजीने शाई लागलेलं बोट मला दाखवलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाईनी आणली आमची नावं माघारी.” वाडीतली माणसं टाळ्या वाजवत होती. कृष्णा सगळे गेल्यावर एकटाच आला, मत दिलं, आणि कुणाशी न बोलता गेला. मला वाटलं होतं, ते झालं की हे वर्ष संपेल. डिसेंबर झाला, अठरा वर्षांचा मुलगा बुद्धिबळात जगज्जेता झाला, शाळेत मी मोठ्याने बातमी वाचली, आणि वाचताना मध्येच थांबले. ‘अठरा’ या शब्दापाशी मला तुझा अर्ज आठवला.

आणि आता तुझा निरोप. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर वाडीतर्फे माझा सत्कार करायचं ठरलंय, शाल तुझ्या हातून द्यायची, त्यासाठी तू साताऱ्याहून आणि बाकीचे भट्टीवरून येणार, आणि मामा तिथे नसेल याची तू व्यवस्था केली आहेस. म्हणून हे पत्र. परवा शुक्रवारी मी कचेरीत जाऊन माझा जूनमधला जबाब खोटा होता असं लेखी दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “बाई, परिणाम ठाऊक आहेत ना?” आहेत. काल शरदरावांना सांगितलं; ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. सव्वीसला मी येईन, पण शाल घ्यायला नाही. त्या रविवारी मी कुठे होते ते वाडीला मीच सांगेन, आजीच्या समोर. मला माफ कर असं मी म्हणणार नाही. ते मागायचा हक्क मला नाही. फक्त एक काम कर. हे वाचून झालं की माझ्यावर चिडायच्या आधी मामाला फोन कर. त्याचा नंबर तू काढून टाकला असशील, म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे. दुपारी बारा ते दोन तो टाकीपाशी असतो, तिथे रेंज येते. त्याच्याशी काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. तू ‘मामा’ म्हण, पुढचं तो बोलेल.

तुझीच,
लतिकाबाई