जबडा सरळ बसला

कारंजा लाड,
६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अंजनास,
आशीर्वाद. तू फोन उचलत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली. शालिकराम तुहा नवरा हाय, तसा माहा पाठचा भाऊबी हाय. गाडीवरून येताना कुंपणाची तार गळ्यात अडकली, मानेची नस तुटली, ते अकोल्याच्या डाक्टरनं ताबडतोब शिवली, मान्य. पण पडताना मोडलेला जबडा तसाच काहून ठेवला? भाऊ डाळीच्या पाण्यावर जगून राह्यला! तोंड वाकडं राह्यलं त तुले चालन, मले नाही. इथले डाक्टर ऑपरेशन कराले तयार हायेत. येत्या हप्त्यात गाडी घेऊन येतो. आडवी येऊ नको.

लोभ हाय, त्याची परीक्षा पाहू नको.
वच्छलाताई

अनसिंग,
११ फेब्रुवारी २०२४

ती. वच्छलाताईस,
सा. न. वि. वि. त्याले वाटीनं मीच पाजतो, तोंड मलेबी दिसते. अकोल्याच्या डाक्टरनं मले समोर बसवून सांगतलं, की शिवलेल्या नसमंदी रक्ताची गुठळी होऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी बंद करून एवढ्यात दुसरं ऑपरेशन केलं, त गुठळी मेंदूत जाऊन लकवा मारू शकते. जबडा वाकडा जुळला त मागून सरळ करता येते, मेंदू गेला त येत नाही. आमाले विचारल्याबिगर कोणाले हात लावू देऊ नका, असंबी बजावलं. तुमी गाडी आणाच, मी फाटकाले कुलूप घालतो!

राग करा, पण माया तोडू नका.
अंजना

अनसिंग,
४ मार्च २०२४

वच्छलाताईस,
नमस्कार. मी वाशीमच्या बाजारात वांगे विकाले गेली अन तुमी त्याले घेऊन गेल्या. तोबी उपाशी, चाल म्हणला. कारंजाच्या डाक्टरनं गोळी बंद केली. मानेची नस शिवली हाय हे तुमी त्याले सांगतलं म्हणता. मंग त्यानं अकोल्याले एक फोन काहून केला नाही? त्याची तक्रार केली, मी सोडणार नाही. तुमालेबी माफ केलं नाही.

जबडा एकदम सरळ बसला. उजवा हात मात्र लुळा पडला, पाय ओढत चालते. लकवा मारला त्या दिवशी तुमी दवाखान्यातून गेल्या, त्या फिरकल्या नाही. पण आता ऐका. त्याच्या तोंडात एकच शब्द राह्यला हाय. पाणी पाह्यजे त ताई म्हणते, दुखलं त ताई. मलेबी ताईच म्हणते. माहं नाव त्याले येत नाही.

रविवारी या. त्याच्यापाशी बसा. माह्यासंग बोलू नका.

लोभ मागत नाही.
अंजना